घुटनेवाले काका

काका जिना उलटे उतरायचे. झाशीच्या सदर बाज़ारात त्यांचं औषधाचं दुकान खाली, राहायची खोली वर, आणि जिना बाहेरून थेट रस्त्यावर येणारा. सकाळी नऊच्या सुमाराला दोन्ही हातांनी कठडा धरून, रस्त्याकडे पाठ करून ते एकेक पायरी खाली यायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा वर चालला आहे आणि काही केल्या पोचत नाही. ओळखीचे लोक खाली उभे राहून त्यांच्या पाठीलाच "राम राम, दादा" म्हणायचे आणि काकाही मान न वळवता "राम राम, शटर उठाइए ज़रा" म्हणून त्यांनाच कामाला लावायचे.

कुणी हसलंच, तर त्याचं उत्तर तयार असे. "सीधे उतरो तो घुटना रोता है, उल्टे उतरो तो चुप रहता है. आपको हमारी शकल देखनी है कि हमें घुटना बचाना है?"

त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची गादी झिजून गेलेली होती. उभं आयुष्य रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उभ्यानं काढलं, त्याचा हा आहेर असं ते म्हणत. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की सांगत, "ज्या वयात करायचं, त्या वयात माझी ड्यूटी रात्रीची होती." निवृत्तीनंतर दुकान टाकलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं स्वतःचं नाव मागे पडून सगळ्या बाजारात ते 'घुटनेवाले दादा' झाले. आमच्यापुरते काका. माझे वडील रेल्वेत होते तेव्हापासूनची ओळख. वडील गेल्यावर ते आईला वहिनी आणि आई त्यांना भाऊजी म्हणत राहिली, त्यामुळे घराला कुणीतरी पुरुषमाणूस आहे असं आम्हां दोघींना उगाच वाटायचं.

आईला त्यांची मराठी मात्र ऐकवत नसे. आमचं घराणं जवळच्याच गुरसराय संस्थानातलं, कैक पिढ्यांमागे कारकुनी करायला बुंदेलखंडात आलेलं. घरात फडताळ, पडशी, ओटी असले शब्द अजून नांदत होते. काकांचे वडील रेल्वेबरोबर भुसावळकडून आले, आणि काकांची मराठी वाटेतच कुठेतरी उतरून गेली होती. "वहिनी, मी त्याला बहुत समझवलं, पण तो मानलाच नाही," असं ते मधूनच बोलून गेले की आई माझ्याकडे अशी बघायची, जणू मी शाळेत शिकवते म्हणून हा दोष माझाच.

दुकान कसलं, ती परीक्षाच होती. "वो लाल वाली दे दो, घुटने की" असं म्हणत कुणी आला की काका गोळीला हात लावायच्या आधी त्याला रस्त्यावर दहा पावलं चालायला लावत. मग दुकानातल्या लाकडी खुर्चीवर बसवून, हात न टेकता उठायला सांगत. चपला उलट्या करून तळ झिजलेला बघत. भर बाजारात एखादे जाडजूड लालाजी काकांसमोर उठबस करताहेत आणि शेजारचा कपडेवाला गज हातात धरून बघतो आहे, हे दृश्य आम्हांला नवीन नव्हतं. मग चौकशी. बीपी आहे का? गुर्दे, किडन्या ठीक आहेत ना? पोटात कधी जखम झाली होती? डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे? चिठ्ठी नसेल तर आधी ती. एवढं उरकून कुणी गोळी घ्यायला पात्र ठरलाच, तर काका डब्यातून मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा काढून पुढे ठेवत. ते आपल्यासमोर खाल्ले की मग पाणी आणि गोळी.

गोळीला ते पाहुणा म्हणत. "पाहुणा आला की त्याला रिकाम्या घरात बसवता का? आधी पोटात अन्न हवं. आणि पाहुण्यानं चार दिवस राहावं, काम करावं, जावं. मुक्कामच ठोकला तर तो घर खातो." हेच ते हिंदीत, बुंदेलीत, माणूस बघून थोडं मीठमसाला लावून सांगत. गोळीनं झिजलेलं हाड भरून येत नाही, ती फक्त सूज आणि ठणका उतरवते, हे त्यांचं दुसरं पालुपद. लगनसराईत वरातीत नाचण्यापुरती गोळी मागायला येणाऱ्यांना ते हाकलून देत, आणि दिवसभर भट्टीपुढे उभ्या असणाऱ्या हलवायाला मात्र स्वतः डॉक्टरकडे घेऊन जात.

त्यांना गोळ्यांचा राग होता असं मात्र मुळीच नाही. दुखणं अंगावर काढणाऱ्यांवर ते जास्त चिडायचे. आईची आणि त्यांची जुंपायची ती इथेच. आईचे गुडघे माझ्या वडिलांच्या आजारपणापासूनच बोलायला लागले होते. उठताना ती देवाचं नाव घ्यायची आणि बसताना माझं. काका म्हणायचे, "वहिनी, दुखणं सोसण्यात काही पुण्य नाही. कुणी वर बसून लिहून घेत नाहीये." आई म्हणायची, "भाऊजी, तुम्हांला काय कळायचं. बाईच्या जातीला सवय असते." एवढं बोलून ती भिंतीला धरून उठायची आणि चहा टाकायची.

शेवटी एका श्रावणात तिला संडासातून उठताच येईना. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, मांडीचे व्यायाम सांगितले आणि ठणका वाढेल तेव्हा जेवणानंतर घ्यायला म्हणून दहा गोळ्या लिहून दिल्या. त्या काकांनीच दिल्या. घरची बाई म्हणून तिची परीक्षा घेतली नाही, की फुटाणे पुढे केले नाहीत. पाकिटावर लाल पेन्सिलीनं 'जेवणानंतर, दिवसातून एक' असं लिहिलं आणि घरी आणून दिलं. आपल्या माणसांना काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यांतही सोवळ्यानं सगळं करणारी आई शेवटचीच. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, सगळं ती एकटी करायची, जमिनीवर बसून, शेगडीपुढे. मला मदतीला घ्यायची ती नारळ खवण्यापुरती, कारण माझ्या सोवळ्यावर तिचा भरवसा नव्हता. पूजेच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, आणि आदल्या दिवशीही एकच वेळ फराळ. त्या वर्षी मी तिला म्हटलं, "पाटावर तुला बसवणार नाही, ओट्यापाशी उभ्यानं करू." ती म्हणाली, "लेकी वर्षातून एकदा माहेरी येतात, त्यांना मी उभ्यानं वाढू?" पुढे बोलणं नव्हतं.

आणि खरोखर ती बसली. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसली, उठली, पुन्हा बसली. चेहऱ्यावर आठी नाही. मी मनातल्या मनात गौरींना हात जोडले. इतकी वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला, हे कशामुळे होतं आहे, हा साधा प्रश्न पडला नाही.

तिसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दुपारी, घरात हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. समोरच्या जिज्जी, गल्लीतल्या चार-पाच जणी, दोन-तीन मराठी घरांतल्या. काका दरवर्षीसारखे प्रसाद न्यायला डबा घेऊन आले. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी आईच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि डबा खाली ठेवला.

"वहिनी," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "शौचाला रंग कसा होतो आहे?"

बायकांच्या हातातली तबकं थांबली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "हे काय विचारणं झालं, भाऊजी?"

"काळा आहे का? डांबरासारखा?"

आईनं तबकातली हळद सारखी केली. मग म्हणाली, "लोखंडी कढईतल्या भाजीचा असेल."

काकांनी खाली वाकून तिच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली. "दुसरं काही घेत होता? माझ्या गोळ्यांशिवाय?" आईनं गौरींच्या मुखवट्यांकडे पाहिलं आणि मानेनं नाही म्हटलं. काका ताठ झाले आणि थेट आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात घुसले, तेही चपला घालून. बायकांमध्ये कुजबुज झाली. आईनं डोळे मिटून घेतले. ते बाहेर आले तेव्हा हातात पाण्याचा पेलासुद्धा नव्हता. "ऑटो बुलाओ कोई, जल्दी," एवढंच म्हणाले. ऑटोत बसवता बसवताच आई माझ्या खांद्यावर कोसळली.

पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. दोन दिवस डॉक्टर 'बघू' याच्यापुढे काही बोलत नव्हते. ते दोन दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून काढले आणि काका समोरच्या भिंतीला टेकून उभ्यानं, त्या गुडघ्यांवर. डॉक्टरांनी मला विचारलं, "ये दर्द की गोलियाँ इनको किसने दीं?" मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले.

"मैंने दीं. खाने के बाद लिख दिया था, ये नहीं पूछा कि खाती कब हैं. गलती मेरी है." मग ते डॉक्टरांना बाजूला घेऊन गेले आणि दोघं बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिले.

मला तेवढं पुरलं. आई वाचली, आणि वाचवलं त्यांनीच, हे मला कळत नव्हतं असं नाही. आणखी एक दिवस गेला असता तर तिचं काही खरं नव्हतं, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. पण राग आला की माणसाला फक्त आपल्या सोयीचं आठवतं. साऱ्या सदर बाज़ारला फुटाणे चारणाऱ्या माणसानं माझ्या आईला मात्र उपाशीपोटी गोळ्या घेऊ दिल्या, वर माझ्या घरात चपला घालून फिरला, हे मी धरून बसले. ते घरी भेटायला आले तर मी दार उघडून आत निघून जायची. औषधं दुसऱ्या दुकानातून आणायला लागले. मी हट्टी आहे, हे माझ्या शाळेत पहिल्या इयत्तेपासून सगळ्यांना माहीत होतं, ते आता काकांनाही कळलं.

त्यांनी माझी मनधरणी केली नाही. फक्त महिन्याभरानं त्यांच्या दुकानात एक पाटी लागली. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत: 'एक बार पूछना रह गया था. अब पूछे बिना दवा नहीं मिलेगी.' आणि पूर्वीचे प्रश्न कमीच म्हणायचे इतके नवीन प्रश्न आले. कब खाते हो? कौन-कौन से व्रत रखते हो? सोमवार, गुरुवार, करवाचौथ, रोज़े? घर में और किसकी दवा खाते हो? तोंडपाठ होईपर्यंत त्यांनी सगळ्या धर्मांचे उपवास वहीत उतरवून घेतले होते. लोक कंटाळले. पुष्कळजण माझ्यासारखेच दुसऱ्या दुकानाकडे वळले. पाटीबद्दल कुणी विचारलं की काका खुशाल सांगत, माझ्या चुकीनं एक बाई मरता मरता वाचली. धंदा करणारा कुठलाही शहाणा माणूस असं सांगत नाही.

तब्येत सुधारल्यावर आई एक दिवस ऑटो करून तिथे गेली, पाटी काढा म्हणून सांगायला. काकांनी काढली नाही, आणि आई परत आली ती तीन तासांनी. आता तसल्या गोळ्या तिला कायमच्या बंद होत्या. काकांनी तिला दुकानातल्या खुर्चीवर बसवून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा, असा व्यायाम घ्यायला लावला होता, आणि दुसऱ्या स्टुलावर बसून स्वतःही करत होते. मग ती रोजच जायला लागली. लावायचं मलम, शेक, डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलेली एक साधी गोळी आणि हा व्यायाम, एवढ्यावर चार-सहा महिन्यांत ती भिंत न धरता उठायला लागली. शाळा सुटली की मी स्कूटरवरून तिला आणायला जायची, आणि दुकानाची पायरी न चढता बाहेरूनच हॉर्न द्यायची. आतून दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून एकेक पाय उचलताहेत, हे दिसायचं. आई म्हणायची, "आत ये की ग." मी ऐकलंच नाही असं दाखवायची.

हळूहळू आई तिथे नुसती बसेनाशी झाली. बायका काकांना उपवास सांगत, पण पोटाचं सांगत नसत. आई मग त्यांना पलीकडच्या बाकावर घेऊन जाई आणि आपल्या जुन्या वळणाच्या हिंदीत कानाशी बोलून सगळं काढून घेई. जो प्रश्न ऐकून तिनं माझ्यासमोर पदर सावरला होता, तोच ती आता दिवसातून दहा वेळा विचारायची. मला हसू यायचं, पण मी ते बाहेर स्कूटरवरच हसून घ्यायची.

असं दीड वर्ष गेलं. त्या दिवशी मी हॉर्न दिला तर आईनं हातानंच थांब म्हटलं. तिच्यासमोर बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं काम करणारी बाई उभी होती. चाळिशीची असेल, पण उभी राहायची ती एका पायावर भार देऊन, साठीच्या बाईसारखी. चेहरा पिवळट. तिला गुडघ्याच्या गोळ्या हव्या होत्या, चिठ्ठीही होती, आणि काका द्यायला तयार नव्हते.

"और कोनऊँ दवाई नईं खात, बाई," ती आईला सांगत होती. "ठाड़े-ठाड़े काम है हमाओ. नईं खाएँ तो ठाड़े कैसें रएँ?"

"खाली पेट?"

"नईं."

"और कोई गोली? पड़ोसन की, ननद की?"

"नईं, कै तो दई."

आईनं तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं. दुकानात आणखी दोघं-तिघं होते. मी पायरीशी येऊन उभी राहिले होते, हॉर्नचा उपयोग नाही म्हणून.

"हमने भी यही कहा था," आई म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की सगळ्यांना ऐकू गेलं. "देवी के सामने बैठके, इन्हीं भाऊजी से झूठ कहा था. इनकी गोली तो हम खा ही रहे थे, ऊपर से सामने वाली जिज्जी की भी खा रहे थे, दिन में तीन-तीन. दो दिन लगभग बिना खाए. नाम दूसरा था, हम समझे दवा भी दूसरी होगी. पूजा में बैठना था ना. बेटी को भी आज तक नहीं बताया. तीन बोतल खून चढ़ा हमको. तुम हमारी तरह मत करो."

त्या बाईनं आईकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडली. आत दुसऱ्या नावाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती. "हओ," ती म्हणाली, "पेट में आग-सी लगत है, आठ दिना सें." काका काउंटरमागून आले, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून तिला दाखवल्या, ही आणि ही एकाच जातीची आहे म्हणून सांगितलं, आणि दोन्ही बंद करून स्वतः ऑटो थांबवून तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

मी त्या दिवशी पायरी चढले. आई माझ्याकडे बघत नव्हती. चटकन खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसली, जो चांगला होता. मी काकांना विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

"हो. तुमच्या फडताळात, हळदीच्या डब्यामागे होती जिज्जींची पट्टी. बायका गोळ्या कुठे ठेवतात, हे मला चाळीस वर्षांत कळलं नसेल का? तेवढ्यासाठी आत गेलो. चपला काढायला वेळ नव्हता. खिशात घातली आणि डॉक्टरांना दाखवली."

"आणि मला नाही सांगितलंत. दीड वर्ष मी तुमच्याशी बोलले नाही, काका. लोकांना तुमच्याबद्दल काय काय सांगितलं. एका शब्दानं सांगायचं होतंत."

काकांनी फुटाण्याचा डबा बंद केला आणि आई ऐकते आहे हे बघून आवाज आणखी खाली आणला.

"तुला तेव्हा कुणावर तरी रागवायचंच होतं, बेटा. माझ्यावर रागावलीस, तर तुला दुसऱ्या दुकानात जाता आलं. आईवर रागावली असतीस, तर त्या कुठे गेल्या असत्या?"